विदर्भातल्या खेड्यातून लॉ फर्मच्या मुलाखतीला जाताना

यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर किंवा गडचिरोलीकडच्या विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला पुढे काय करणार असे विचारले, तर बहुतेक वेळा दोनच उत्तरे मिळतात. एक म्हणजे तालुक्याच्या न्यायालयात एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअरशिप, आणि दुसरे म्हणजे न्यायाधीशपदाच्या परीक्षेची तयारी. दोन्ही मार्ग मानाचे आहेत आणि ते सोडून द्यावेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. परंतु लॉ फर्मचा तिसरा मार्गही असतो आणि तो आपल्या भागात सहसा कोणी सांगत नाही, कारण त्या वाटेने गेलेली माणसेच आसपास नसतात. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून त्या वाटेने गेलो, मुंबईच्या एका फर्ममध्ये सहा वर्षे काम केले आणि आता नागपुरात वकिली करतो. दिवाळीत गावी गेलो की कायद्याचे शिक्षण घेणारी मुले-मुली भेटायला येतात आणि त्यांचे प्रश्न दरवर्षी जवळपास तेच असतात. त्यांना तुकड्यातुकड्याने जे सांगतो, ते इथे एकत्र लिहीत आहे.

फर्ममध्ये नेमके काय काम असते

फर्म म्हणजे अनेक वकिलांची भागीदारी. तिथे पक्षकार बहुधा कंपन्या, बँका, गुंतवणूकदार किंवा बांधकाम व्यावसायिक असतात. सिरिल अमरचंद मंगलदास, शार्दुल अमरचंद मंगलदास, खेतान अँड कंपनी, एझेडबी, ट्रायलीगल ही नावे तुम्ही ऐकली असतील. यांपैकी पहिल्या दोन फर्म २०१५ मध्ये एकाच जुन्या फर्मच्या विभाजनातून झाल्या, तर खेतानची सुरुवात १९११ मध्ये कोलकात्यात झाली. या मोठ्या फर्मशिवाय मुंबई, पुणे आणि नागपुरात पाच-दहा वकिलांच्या असंख्य छोट्या फर्म आहेत, आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्याचे पहिले पाऊल बहुधा तिथेच पडते.

काम विभागांत वाटलेले असते : कंपन्यांची खरेदी-विक्री, बँकांची कर्जे, दिवाळखोरी, स्थावर मालमत्ता, कर, स्पर्धा कायदा, न्यायालयीन व लवादाचे वाद. नव्या असोसिएटचे, म्हणजे फर्ममधल्या कनिष्ठ वकिलाचे, पहिले वर्ष कागद वाचण्यात, त्यातील जोखमी शोधण्यात, करारांचे मसुदे तपासण्यात आणि कायद्याच्या प्रश्नांवर टिपणे लिहिण्यात जाते. न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करायचा असेल, तर फर्मच्या बहुतेक विभागांत ती संधी लवकर मिळत नाही. हे आधीच समजून घ्यावे, कारण मुलाखतीत 'फर्मच का?' हा प्रश्न हमखास येतो आणि तिथे 'मला कोर्टात बोलायला आवडते' असे उत्तर देणारा उमेदवार स्वतःच्याच अर्जाविरुद्ध बोलतो.

भरती कशी होते

मोठ्या फर्म राष्ट्रीय विधी विद्यापीठांत आणि मोजक्या जुन्या महाविद्यालयांत जाऊन थेट भरती करतात. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात ती साधारणपणे चौथ्या वर्षाच्या शेवटी किंवा पाचव्याच्या सुरुवातीला उरकते. नागपुरातही २०१६ पासून महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. मात्र जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात अशी भरती जवळपास होत नाही, आणि तिची वाट पाहण्यात दोन वर्षे घालवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

आपल्यासाठी खरा दरवाजा इंटर्नशिपचा आहे. विद्यार्थी चार आठवडे फर्ममध्ये काम करतो, त्याचे काम पाहणाऱ्या असोसिएटला ते आवडते, पुढच्या सुट्टीत त्याला पुन्हा बोलावले जाते, आणि या दुसऱ्या इंटर्नशिपकडे फर्म बहुतेकदा परीक्षा म्हणूनच पाहते. ती नीट पार पडली तर शिक्षण संपण्याआधीच नोकरीचा प्रस्ताव मिळू शकतो. दुसरा रस्ता थेट अर्जाचा आहे : फर्मच्या संकेतस्थळावर किंवा ईमेलने अर्ज करायचा, लेखी चाचणी द्यायची आणि मग मुलाखत. तिसरा रस्ता थोडा लांबचा, पण आपल्याकडच्या अनेकांसाठी सर्वांत खात्रीचा आहे. आधी नागपूर, पुणे किंवा मुंबईतल्या छोट्या फर्ममध्ये अथवा एखाद्या वकिलांच्या चेंबरमध्ये दोन-तीन वर्षे काम करायचे आणि तो अनुभव घेऊन मोठ्या फर्मकडे जायचे. मी स्वतः याच रस्त्याने गेलो. तेव्हा माझ्या महाविद्यालयाचे नाव कोणी विचारले नाही. मी कोणती कामे केली एवढेच विचारले.

इंटर्नशिपची आखणी

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते, आणि एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा अधिक असू नये असेही नियमात आहे. आपल्याकडे ही गोष्ट प्रमाणपत्रापुरती उरकली जाते. ओळखीच्या वकिलांकडून शिक्का मारून आणलेले प्रमाणपत्र महाविद्यालयात चालून जाते, पण मुलाखतीत 'त्या चार आठवड्यांत तुम्ही काय केलेत?' या एका प्रश्नाला ते तोंड देऊ शकत नाही.

पहिली इंटर्नशिप तालुका किंवा जिल्हा न्यायालयातल्या वकिलांकडेच करावी, आणि मन लावून करावी. दावा कसा दाखल होतो, कैफियत कशी लिहिली जाते, तारीख का पडते, साक्षीदार उलटतपासणीत कसा अडतो, हे तिथे जसे दिसते तसे पुढे कुठेही दिसत नाही. दुसरी नागपुरात करावी. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात काम करणारे वकील, कर्जवसुली न्यायाधिकरण, आयकर अपिलीय न्यायाधिकरणाचे खंडपीठ, तसेच वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल यांसारख्या नागपुरात मुख्यालय असलेल्या सार्वजनिक कंपन्या, ही सारी ठिकाणे व्यापारी कायद्याच्या जवळची आहेत. फर्ममधली इंटर्नशिप त्यानंतर मागावी. तिच्यासाठी चार-सहा महिने आधी अर्ज करावा लागतो, कारण उन्हाळी आणि हिवाळी सुट्टीतल्या जागा फार लवकर भरतात.

पैसे घेऊन इंटर्नशिप किंवा प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिराती समाजमाध्यमांवर रोज दिसतात. त्यांना एक रुपयाही देऊ नये.

मुंबईच्या चार आठवड्यांचा खर्च हा आपल्या घरांमध्ये खरा प्रश्न असतो. काही फर्म मानधन देतात, काही देत नाहीत, आणि हे आधीच नम्रपणे विचारण्यात काहीही गैर नाही. कल्याण-डोंबिवलीकडे नातेवाईक असतील तर लोकलचा पास काढून रोज जाणे-येणे जमते. कोणी नसेल, तर पहिली फर्म नागपूर किंवा पुण्याची निवडावी आणि त्याबद्दल मनात कमीपणा बाळगू नये.

जे तुम्हाला आधीच येते

फर्मच्या स्थावर मालमत्ता विभागात पहिल्याच महिन्यात माझ्यापुढे एक फाइल आली. एका कंपनीला विदर्भात प्रकल्पासाठी जमीन घ्यायची होती आणि तीसेक गटांचे सातबारे, फेरफार व आठ-अ उतारे तपासायचे होते. माझ्या शेजारी बसणारे सहकारी माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या महाविद्यालयांतून आलेले होते, पण त्यांनी सातबारा हातात कधी धरलेला नव्हता. मी तो लहानपणापासून पाहत होतो. वडिलांना पीककर्जासाठी दर हंगामात तो लागायचा आणि तलाठी कार्यालयाच्या ओसरीवर त्यांच्यासोबत मी तासन्‌तास बसलेलो होतो.

त्या फाइलमधला एक उतारा अजून डोळ्यांसमोर आहे. गाव नमुना सातवर भोगवटादाराचे नाव स्वच्छ होते, 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीचा बोजा होता आणि विक्रेत्याने बोजा फेडल्याचा दाखला जोडलेला होता, म्हणून आधी ज्याने फाइल पाहिली त्याने 'अडचण नाही' असा शेरा लिहिला होता. पण भू-धारणा पद्धतीच्या ठिकाणी 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले होते. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, हे आमच्या गावात शाळकरी पोरालाही ठाऊक असते, कारण अशा जमिनींचे व्यवहार अडून बसलेले त्याने ऐकलेले असतात. मी ते दाखवले, जुने फेरफार मागवले गेले, आणि त्या गटाचा व्यवहार परवानगी येईपर्यंत थांबवण्यात आला.

ही गोष्ट इतक्या तपशिलाने सांगतो आहे, कारण खेड्यातून आलेला विद्यार्थी मुलाखतीत आपल्याकडचे हेच ज्ञान लपवतो आणि इतरांनी पाठ केलेली वाक्ये उसनी घेऊन बोलतो. विदर्भासाठी शेतजमिनीचा कुळकायदा वेगळा, १९५८ चा आहे. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावर मराठवाडा सोडून उर्वरित महाराष्ट्रात तिथल्या कुळकायद्याचे कलम ६३ जे निर्बंध घालते, ते आपल्याकडे कलम ८९ घालते, आणि औद्योगिक वापरासाठी त्याला अपवादही आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे बंधन आहे. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे शब्द पूर्व विदर्भातल्या जुन्या अभिलेखांत भेटतात, आणि गावाचा रस्त्यावरचा, चराईचा किंवा पाण्यावरचा हक्क त्यांत दडलेला असू शकतो. वनहक्क कायदा २००६ चा आहे, आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाले हे आपण वर्तमानपत्रात वाचलेले असते. खाणी, वीजप्रकल्प, महामार्ग आणि सौरऊर्जेची कामे करणाऱ्या फर्मला हे सगळे रोज लागते. ते केवळ ऐकीव राहू देऊ नये. मूळ कलम काढून वाचावे, म्हणजे ओसरीवर ऐकलेली गोष्ट कायद्याच्या भाषेत सांगता येते.

सीव्ही आणि ईमेल

सीव्ही इंग्रजीत, एक किंवा फार तर दोन पानांचा असावा. त्यात फोटो, वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, वैवाहिक स्थिती आणि शेवटची 'वरील माहिती खरी आहे' ही प्रतिज्ञा यांपैकी काहीही नको. शिक्षण, इंटर्नशिप, लेखन व मूट कोर्ट (अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा), भाषा आणि एखादी खरी आवड एवढे पुरे. मराठीचा उल्लेख 'मातृभाषा' असा न करता, मराठी महसुली कागद व न्यायालयीन कागद वाचून त्यांचा इंग्रजी सारांश करता येतो, असा करावा. मात्र ते खरोखर येत असेल तरच.

इंटर्नशिपखाली काय लिहावे याचे एक उदाहरण देतो. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीने लिहिले होते की तिने न्यायालयाच्या कामकाजाचे निरीक्षण केले, कायदेशीर संशोधन केले आणि मसुदे तयार करण्यास मदत केली. मी तिला विचारले की नेमके काय केलेस. तेव्हा कळले की तिने एका वाटणीच्या दाव्यात १९७१ पासूनच्या फेरफारांची तारीखवार यादी केली होती, तिच्यातून एका वारसाचे नाव वगळले गेल्याचे तिच्याच लक्षात आले होते, आणि वकिलांनी त्यावर दुरुस्तीचा अर्ज दिला होता. आम्ही पहिली ओळ पूर्ण काढून टाकली आणि, पक्षकारांची ओळख येऊ न देता, ही हकिकत दोन ओळींत लिहिली. पुढे तिच्या मुलाखतीचा निम्मा वेळ त्याच दोन ओळींवर गेला आणि ती आपल्या ओळखीच्या जमिनीवर उभी राहून बोलली.

अर्जाचे ईमेल एका वेळी एकाच फर्मला पाठवावे. चाळीस फर्मचे पत्ते एकाच ओळीत टाकून पाठवलेले पत्र उघडल्याबरोबर बंद होते. विषयाच्या ओळीत इंटर्नशिपचा महिना, अभ्यासक्रमाचे वर्ष आणि नाव असावे. पत्र दहा-बारा ओळींचे असावे आणि त्यात तुम्हाला कोणत्या विभागात काम करायचे आहे व त्यासाठी आजवर काय केले आहे ते सांगावे. 'आपली नामांकित फर्म' अशी स्तुती नको. फाइल पीडीएफ असावी आणि तिला तुमचे नाव दिलेले असावे. उत्तर आले नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करावी, आणि त्यानंतर पुढच्या फर्मकडे वळावे. मी पहिल्या वर्षी साठाहून अधिक अर्ज केले होते आणि उत्तरे चार आली होती, म्हणून शांतता म्हणजे अपमान असे मानू नये.

अभ्यास कशाचा करावा

भारतीय करार अधिनियम १८७२ हा पाया आहे. प्रस्ताव आणि स्वीकृती, मोबदला, व्यापारावर बंदी घालणाऱ्या कराराचे कलम २७, अशक्यतेचे कलम ५६, नुकसानभरपाईची कलमे ७३ व ७४ ही उदाहरणांसह तोंडावर हवीत. त्याशिवाय मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, कंपनी अधिनियम २०१३ ची मूलभूत रचना, लवाद अधिनियम १९९६ आणि दिवाळखोरी संहिता २०१६ यांची तोंडओळख हवी. महागड्या डेटाबेसची वर्गणी महाविद्यालयाकडे नसली तरी काम अडत नाही. इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर कायदे, ई-एससीआरवर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आणि उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर तिथले निकाल विनामूल्य मिळतात. कंपन्यांचे व्यवहार कसे मांडले जातात हे पाहण्यासाठी सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाच्या संकेतस्थळावरून, शेअर विक्रीसाठी एखाद्या कंपनीने दिलेला मसुदा प्रस्ताव-दस्तऐवज काढावा आणि त्यातले जोखमींचे व खटल्यांचे प्रकरण वाचावे.

एक निकाल मात्र आपल्या भागातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावा असे मला वाटते, तो म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२२ मधला विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर विरुद्ध ॲक्सिस बँक. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या वीजप्रकल्पाचे कर्ज थकले आणि बँकेने दिवाळखोरी संहितेच्या कलम ७ खाली अर्ज केला. कंपनीचे म्हणणे असे की वीजदराच्या वादात तिच्या बाजूने आदेश झालेला आहे, त्यावरचे अपील सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे, आणि ते पैसे मिळाले की कर्ज फिटेल. कलम ७ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण अर्ज दाखल करून 'घेऊ शकेल' अशी शब्दयोजना आहे, तर माल-सेवेचे पैसे थकलेल्या धनकोंच्या अर्जाच्या कलम ९ मध्ये ती 'घेईल' अशी आहे. या एका शब्दाच्या फरकावरून न्यायालयाने कलम ७ खाली न्यायाधिकरणाला विवेकाधिकार आहे असे ठरवले. पुढे २०२३ मध्ये एम. सुरेशकुमार रेड्डी विरुद्ध कॅनरा बँक या निकालात, आधीचा निर्णय त्या प्रकरणाच्या तथ्यांपुरता होता असे सांगून त्याची व्याप्ती मर्यादित करण्यात आली. २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या सुधारणा विधेयकातही हा मुद्दा आहे, म्हणून मुलाखतीच्या आदल्या दिवशी कायद्याची त्या दिवशीची स्थिती तपासूनच जावे. आवडता निकाल कोणता, असे विचारले जाते तेव्हा बहुतेक उमेदवार राज्यघटनेचे दोन-तीन गाजलेले निकाल सांगतात. ज्या कारखान्याच्या चिमण्या तुम्ही बसच्या खिडकीतून पाहिल्या आहेत त्याच्या निकालावर तुम्ही बोललात, तर ते ऐकणाऱ्यालाही लक्षात राहते.

मुलाखतीच्या खोलीत

लेखी चाचणी असेल तर ती बहुधा एखाद्या प्रश्नावरचे छोटे टिपण किंवा करारातले एक कलम दुरुस्त करण्याची असते. टिपणात उत्तर पहिल्या परिच्छेदात द्यावे आणि कारणे नंतर लिहावीत. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखी प्रस्तावना लिहीत बसू नये.

प्रत्यक्ष मुलाखतीत दोन किंवा तीन जण असतात. सुरुवात तुमच्या ओळखीने होते, ती दीड-दोन मिनिटांत संपावी, आणि त्यानंतर बहुतेक प्रश्न तुमच्या सीव्हीतूनच येतात. प्रश्न कसा पुढे सरकतो ते समजावे म्हणून मी विद्यार्थ्यांकडून सरावासाठी जो घेतो तो इथे मांडतो.

'तुम्ही कर्जवसुलीची प्रकरणे पाहिली असे लिहिले आहे. शेतकऱ्याचे कर्ज थकले, तर बँक सरफेसी कायद्याखाली त्याच्या वावराचा ताबा घेऊ शकते का?'

इथे घाईने 'हो' म्हणणारे अनेक असतात. बँकेला न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊ देणाऱ्या २००२ च्या त्या कायद्याच्या कलम ३१ मधील खंड (आय) नुसार शेतजमिनीवरील तारणाला तो कायदा लागू होत नाही, असे उत्तर दिले की पुढचा प्रश्न येतो.

'सातबाऱ्यावर शेती आहे, पण जागेवर कापसाचे जिनिंग उभे आहे. मग?'

हा प्रश्न पाठांतराचा नाही. केवळ नोंदीवर न थांबता जमिनीचा प्रत्यक्ष वापर, तारण देतेवेळची परिस्थिती आणि पक्षांचा हेतू पाहावा लागेल, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आयटीसी विरुद्ध ब्लू कोस्ट हॉटेल्स या प्रकरणात प्रत्यक्ष शेतीसाठी न वापरलेल्या जमिनीला ही सूट नाकारली होती, असे सांगता आले तर उत्तम. निकाल आठवला नाही तरी विचारांची दिशा सांगता यायला हवी.

'आणि खरोखरच शेती असेल, तर बँकेने काय करावे?'

कर्ज २० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल तर १९९३ च्या कायद्याखाली कर्जवसुली न्यायाधिकरण, अन्यथा दिवाणी न्यायालयात गहाणाचा दावा, आणि कर्ज गावच्या सोसायटीचे असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खालचा वसुली दाखला. हा शेवटचा भाग तुम्ही गावात घडताना पाहिलेला असतो, आणि तो तुम्ही सांगितला की समोरच्या माणसाला तुमच्या अनुभवाचा पुरावा मिळतो.

उत्तर येत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि ते कुठे शोधाल हेही सांगावे : कोणता कायदा उघडाल, कोणती व्याख्या आधी वाचाल. फर्मचे काम नेमके असेच चालते. अंदाजाने कलमाचा आकडा फेकू नये, कारण चुकीचा आकडा पक्षकाराला कळवला गेला तर काय होईल याची काळजी समोरच्या पार्टनरला सतत असते.

एक चूक माझ्या हातून झाली होती, ती तुमच्याकडून होऊ नये. मुंबईतल्या एका फर्मच्या मुलाखतीत, मी ज्या वकिलांकडे शिकत होतो त्यांच्याकडच्या एका घरगुती वादाची हकिकत उत्साहाने सांगताना मी दोन्ही भावांची आडनावे आणि गावाचे नाव बोलून गेलो. मुलाखत घेणाऱ्या बाई थांबल्या आणि म्हणाल्या, 'उद्या तुम्ही आमच्या पक्षकाराबद्दलही असेच बोलाल.' त्यानंतर प्रश्न झाले, पण निर्णय त्या क्षणीच झाला होता आणि तो योग्य होता. पक्षकाराने वकिलाला सांगितलेल्या गोष्टी गोपनीय असतात. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम १३२ मध्ये ते बंधन वकिलांच्या कारकुनांना व कर्मचाऱ्यांनाही लागू केलेले आहे, आणि इंटर्ननेही स्वतःला त्याच बंधनात मानावे. 'एक वाटणीचा दावा', 'एक बँक', 'विदर्भातला एक कारखाना' एवढेच म्हणून हकिकत सांगता येते. तशी सांगण्याचा सराव आधी करून जावे.

इंग्रजीची भीती हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. फर्मचे काम इंग्रजीत चालते, त्यामुळे तिला वळसा घालता येत नाही. पण तिथे तपासले जाते ते वाक्याचे स्पष्टपण, उच्चार नव्हे. मी वर्षभर रोज सकाळी एका निकालाचे एक पान मोठ्याने वाचत असे आणि मग पुस्तक मिटून तेच चार सोप्या वाक्यांत सांगत असे. आधी आई ऐकत बसायची. तिला इंग्रजी येत नव्हते, पण मी कुठे अडखळलो हे तिला बरोबर कळायचे. मुलाखतीत सुचले नाही तर अर्धे मिनिट मागून घ्यावे आणि वाक्य छोटे करावे. मराठी माध्यमाबद्दल कोणी विचारले तर सरळ सांगावे; त्यात स्पष्टीकरण देण्यासारखे काही नाही.

मुलाखत व्हिडिओवर असेल तर घरच्या नेटवर्कवर विसंबून राहू नये. वीज जाते आणि टॉवरची रेंज वाऱ्यावर बदलते. आदल्या दिवशीच तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या नातेवाइकाच्या घरी किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जावे, आणि दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला फोन जवळ ठेवावा. मुंबईत प्रत्यक्ष जायचे असेल तर विदर्भ किंवा सेवाग्राम एक्स्प्रेसने त्याच सकाळी उतरून थेट मुलाखतीला जाण्याची जोखीम घेऊ नये. गाडीला उशीर होतो आणि रात्रभराच्या प्रवासाने डोके जड असते. एक दिवस आधी पोहोचावे. काळा कोट आणि बँड लागत नाहीत. इस्त्री केलेला साधा शर्ट आणि पँट, किंवा साधा सलवार-कुर्ता अथवा साडी पुरेशी आहे.

शेवटी तुम्हाला काही विचारायचे आहे का, असे ते म्हणतात. तेव्हा पहिल्या वर्षी असोसिएटकडे कोणत्या प्रकारचे काम येते आणि त्याचे काम कोण तपासते, हे विचारावे. उत्तरावरून त्या फर्ममध्ये शिकवणारी माणसे आहेत की नाहीत हे बरेचसे कळते.

प्रस्ताव आल्यावर

त्याच दिवशी आभाराचे दोन ओळींचे ईमेल पाठवावे. प्रस्ताव लेखी मागावा आणि सही करण्याआधी, तुम्ही करार अधिनियम शिकला आहात हे लक्षात ठेवून, तो पूर्ण वाचावा. वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकरी करू नये असा बार कौन्सिलचा नियम ४९ असल्यामुळे फर्ममधले असोसिएट बहुधा रिटेनर म्हणून काम करतात, म्हणजे दरमहा व्यावसायिक शुल्क मिळते आणि त्यातून करकपात होते. त्यामुळे भविष्य निर्वाह निधी नसतो, आयकराचे विवरणपत्र स्वतः भरावे लागते, आणि घरी 'पगार किती' असे विचारले की हा फरक समजावून सांगावा लागतो. नोटिशीचा कालावधी, रजा, आणि सोडून गेल्यावर किती काळ काय करता येणार नाही, ही कलमे विशेष लक्ष देऊन पाहावीत.

निकाल लागल्यावर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे सनदेसाठी अर्ज करावा. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला आहे की नोंदणीसाठी ॲडव्होकेट्स अधिनियमात ठरवलेल्या रकमेहून अधिक, म्हणजे सर्वसाधारण प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये याहून अधिक, शुल्क राज्य बार कौन्सिलला आकारता येणार नाही. अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते. पदवीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचे प्रमाणपत्र यांवरील नावात एका अक्षराचाही फरक असेल, तर तो शेवटच्या वर्षीच दुरुस्त करून घ्यावा. माझ्या आडनावातल्या एका वेलांटीसाठी मला यवतमाळच्या तीन फेऱ्या माराव्या लागल्या होत्या आणि रुजू होण्याची तारीख महिनाभर पुढे गेली होती.